केलर्सबर्गचा नियमप्रेमी

१

“या कॉलेजच्या शहाण्णव वर्षांच्या इतिहासात एकदाही, मी पुन्हा सांगतो, एकदाही बास्केटबॉलचा नियम मोडला गेलेला नाही.”

डॉ. क्लॅरेन्स विनिंगर यांनी हे विधान डॉटच्या खानावळीत, खुर्चीवर उभं राहून केलं. वेळ गुरुवारी सकाळी साडेआठची. समोर तीसेक माणसं, आणि प्रत्येकाच्या अंगावर कॉलेजच्या हिरव्या रंगाचं काही ना काही.

“ब्याऐंशी साल धरून?” काउंटरमागून डॉटनं विचारलं.

“ते सोडून.”

“आणि एकोणनव्वद?”

“त्यात सिद्ध काहीच झालं नाही.”

“आणि त्या उंच पोराला मिळालेली मोटार?”

“मोटार परत केली होती, डॉट.”

“झाडावर आपटल्यावर,” डॉट म्हणाली, आणि कॉफी ओतायला लागली.

डॉक्टर खुर्चीवरून उतरले. मात्र चेहऱ्यावरचं गांभीर्य त्यांनी उतरू दिलं नाही. कॉलेजच्या पाठीराख्यांच्या क्लबचे ते एकोणीस वर्षं अध्यक्ष होते, आणि एवढ्या काळात ते गांभीर्य त्यांच्या चेहऱ्यावर कायमचं बसलेलं होतं.

भानगड अशी होती. कोणीतरी निनावी तक्रार केली होती की कोचनं सप्टेंबरात एका शाळकरी मुलाला गुपचूप संघाबरोबर खेळवून पारखलं. मुलगा शाळेत असताना असं करायला सक्त बंदी. वरच्या संघटनेनं चौकशी लावली आणि कॉलेजला नोटीस पाठवली. आरोप खरा ठरला तर मार्चच्या मोठ्या स्पर्धेत केलर्सबर्गला प्रवेश नाही, आणि त्या स्पर्धेत केलर्सबर्ग एकतीस वर्षांनी पोचणार होतं. गावच्या वर्तमानपत्रानं ती तक्रार आज पहिल्या पानावर जशीच्या तशी छापली होती.

पाठीराख्यांच्या मनाचा प्रवास वेगानं झाला. सात वाजता सगळे म्हणत होते, असं काही झालंच नाही. साडेसातला, झालं असलं तरी सगळीच कॉलेजं करतात. आठला, संघटना आपल्यावर जळते. सव्वाआठपासून एकच प्रश्न उरला होता, तो म्हणजे चुगली कोणी केली.

“पोरं स्वतःची स्पर्धा घालवणार नाहीत. त्यांच्याशिवाय तिथं कोच होता, त्याचा मदतनीस होता आणि सामान नेणारा व्हर्जिल होता,” डॉक्टर म्हणाले. “पहिले दोघं स्वतःच्या पायावर कुऱ्हाड कशाला मारतील? शनिवारी बारा वाजता जिममध्ये क्लबची सभा. व्हर्जिल फ्लीगला काढून टाकावं, असा ठराव मी मांडणार आहे.”

क्लबचा ठराव कॉलेज सहसा मोडत नसे, कारण जिमचं छप्पर क्लबनं घातलेलं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई अंडी खाता खाता थांबली. ती लोरेटा हागेडॉर्न, वय एकोणसत्तर, व्हर्जिलची मोठी बहीण. बोलणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि खानावळ गप्प झाली.

“चालू द्या,” लोरेटाबाई म्हणाल्या. “मला सवय आहे. माणसं माझ्यासमोर बोलतात आणि मी लिहून घेते.”

अडतीस वर्षं त्यांनी जिल्हा न्यायालयात लघुलेखन केलं होतं. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्र समोर ओढलं.

२

पत्र असं होतं.

“आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, शनिवार, चौदा सप्टेंबर रोजी सकाळी टॉलिव्हर गावच्या शाळेच्या जिममध्ये ते लोक एका शाळकरी मुलाला दार लावून संघाबरोबर खेळवीत होते. अंगात त्यांचे ते शर्ट. मी दाराच्या काचेतून प्रत्यक्ष पाहिले. मुलगा अतिशय उंच. तोंडाने श्वास घेतो. वरचा डावा सुळा हिरडीतून पुरता उतरलेला नाही. बाकीचे नेहमीप्रमाणे फ्री थ्रो वाया घालवीत होते. त्यांच्या कोचला पुन्हा कधीही बाकावर बसू देऊ नये. आपला, एक नियमप्रेमी.”

न्यायालयात एक बरं असतं. माणूस काय म्हणाला तेवढंच लिहायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते वकील बघतात. लोरेटाबाईंनी पत्र तसंच वाचलं आणि तीन ठिकाणी बारीक रेघ ओढली. पहिली रेघ ‘आनंद’ या शब्दाखाली.

व्हर्जिलला आयुष्यात अत्यंत आनंद झालेला त्यांनी दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा संघ जिंकला होता.

दुपारी त्या रेडिओ केंद्रावर गेल्या. वेंडेल प्रुइट सव्वीस वर्षं संघाचे सामने रेडिओवरून सांगत आला होता. नव्या कोचनं त्याची बसायची जागा खांबामागं हलवली होती. तेव्हापासून तो अर्धा सामना पाहून आणि अर्धा अंदाजानं सांगत असे. गावात त्याच्यावरही संशय होता, पण त्याच्या आवाजावर गावाचं प्रेम असल्यामुळं तो संशय हलक्या आवाजात व्यक्त होत होता.

“या, बाई,” वेंडेल म्हणाला. “माझी उलटतपासणी घ्यायला आलात ना?”

“चौदा सप्टेंबरला सकाळी कुठं होतास?”

“इथंच. दर शनिवारी नऊ ते अकरा जुन्या सामानाच्या अदलाबदलीचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी एका बाईनं शिलाई मशीन देऊन बकरी मागितली. अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलंय. खांबामागं बसवला म्हणून मी कोचला शिव्या घालतो, पण तोंडावर घालतो.”

“पत्रात लिहिलंय, मुलं नेहमीप्रमाणे फ्री थ्रो वाया घालवत होती.”

वेंडेलनं कपाळाला आठी घातली. “ते मलाही टोचलं. आपली पोरं? लीगमध्ये पहिली आहेत. शंभरात ब्याऐंशी बास्केटमध्ये. हे गावातल्या पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक आहे.”

“आणि कोणाचे वाया जातात?”

“मंगळवारी जे पाहुणे येतायत, त्यांचे. शंभरात छप्पन्न. त्यांचा फ्री थ्रो आला की मी तेवढ्यात दोन जाहिराती वाचून घेतो.”

“पाहुणे म्हणजे टॅमरॅक स्टेट?”

वेंडेलनं चटकन ध्वनिक्षेपकाकडं पाहिलं. तो बंद होता. मग त्यानं सुस्कारा सोडला.

“बाई, सव्वीस वर्षांत मी ते नाव इथं घेतलेलं नाही. पाहुणे, समोरचे, ते लोक. डॉटनं तर त्यांच्या जांभळ्या रंगामुळं द्राक्षांचा जॅम ठेवणं बंद केलंय, आणि तुम्ही भरदिवसा नाव घेता.”

लोरेटाबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि दोन शब्दांखाली चौथी रेघ ओढली.

३

व्हर्जिलच्या घरासमोरची टपालपेटी कोणीतरी गाडीनं आडवी केली होती. गल्लीत प्रत्येक पेटीला हिरवी फीत बांधलेली होती. याच्या पेटीला नव्हती, आणि बांधायची म्हटली तरी पेटी उभी नव्हती.

व्हर्जिल मागच्या पडवीत संघाचे टॉवेल घडी करत होता. वय एकसष्ट. त्यातली एकतीस वर्षं त्यानं इतरांचे मोजे धुण्यात घालवली होती आणि त्याबद्दल त्याची काहीही तक्रार नव्हती.

“न्हाव्यानं मला सांगितलं, वेळ नाही,” तो म्हणाला. “दुकान रिकामं होतं, लोरेटा. तो स्वतःच खुर्चीत बसून पेपर वाचत होता.”

“पत्र तू लिहिलंस?”

“नाही.”

“मग त्या दिवशी काय झालं ते सभेत सांग.”

“कोचला शब्द दिलाय.”

“कोच तुझ्यासाठी तोंड उघडतोय का?”

व्हर्जिलनं आणखी एक टॉवेल घडी केला. “तू कोर्टातली, तुला वाटतं बोललं की माणूस सुटतो. मी बोललो तर उलट होईल. मुलाला खेळवलं हे लोक विसरतील. दुसरं विसरणार नाहीत.”

“दुसरं काय?”

तो गप्प. त्याला सहा वर्षांचा असल्यापासून असं गप्प बसता येत होतं, आणि तेव्हापासून त्याच्या हातांकडं बघितलं की उत्तर मिळत असे. लोरेटाबाईंनी हातांकडं पाहिलं. हातात टॉवेल होता. टॉवेल पांढरा असायला हवा होता. तो नव्हता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पाठीराख्यांनी कुरकुर केली होती की बाकावरचे टॉवेल मळकट दिसतात. मळकट नव्हते ते. दोरीवर व्हर्जिलचे बनियन वाळत होते, उशीचे अभ्रे होते. सगळ्यांवर एकच फिकट झाक चढलेली.

“धुलाईची पावडर बदलली होती,” व्हर्जिल घाईनं म्हणाला.

“कधी?”

“सप्टेंबरात.”

लोरेटाबाईंनी टॉवेल उन्हात धरला. उजेडात शंका राहिली नाही. टॉवेल फिकट जांभळा होता.

त्या हळूच पायरीवर बसल्या. केलर्सबर्गमध्ये जन्मलेल्या बाईला हे उभ्या उभ्या सोसण्यासारखं नव्हतं.

४

शुक्रवारी दुपारी डॉक्टर स्वतः लोरेटाबाईंच्या दारात आले.

“लोरेटा, ती खालची उजवी दाढ काय म्हणते?”

डॉक्टरांनी दातांचा दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली होती. अजूनही त्यांना माणसांची नावं लवकर आठवत नसत. माणसानं तोंड उघडलं की मात्र ओळख पटे.

“बरी आहे. बसा.”

डॉक्टर बसले नाहीत. “मी तुझ्या भल्यासाठी आलोय. व्हर्जिलला सांग, स्वतःहून राजीनामा दे म्हणावं. सभा नको, शोभा नको. मी त्याला चांगलं प्रमाणपत्र देतो.”

“मी सभेत बोलणार आहे, डॉक्टर.”

“काय बोलणार?”

“पत्र वाचून दाखवणार.”

“सगळ्यांनी वाचलंय ते.”

“सगळ्यांनी एकच शोधत वाचलंय. मी हळू वाचणार. त्या मुलाबद्दल किती बारकाईनं लिहिलंय ना?”

डॉक्टरांचा हात टोपीकडं गेला. टोपी डोक्यावर होती, तरी त्यांनी ती पुन्हा घातली.

“हे बघ,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अध्यक्षाचा कुठं पत्ता नव्हता, “गावाला कोणीतरी हवंय. व्हर्जिल एकटा माणूस आहे, त्याला बायको नाही, पोरं नाहीत. तो सोसेल.”

“त्याला तो जिम आहे,” लोरेटाबाई म्हणाल्या. “दुसरं काहीच नाही, म्हणून तर तो सोसणार नाही.”

डॉक्टर पायऱ्या उतरले. शेवटची पायरी त्यांना दिसली नाही, पण ते सावरले.

लोरेटाबाईंनी टॉलिव्हरच्या शाळेला फोन लावला. रखवालदार बाईंना त्यांनी एकच प्रश्न विचारला. चौदा सप्टेंबरला सकाळी जिम सोडून शाळेत आणखी काय चाललं होतं?

उत्तर ऐकल्यावर त्यांनी फोन ठेवला. त्यांना विजयी वाटायला हवं होतं. पण या माणसानं त्यांच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात त्याची कवळी तीनदा घरी येऊन बसवून दिली होती.

५

शनिवारी बारा वाजता जिममध्ये सहाशे माणसं होती आणि सगळी हिरवी. कोच ट्रॅव्हिस बुकलर पहिल्या रांगेत बुटांकडं बघत बसला होता. व्हर्जिल दाराजवळ उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी ठराव वाचला. लोरेटाबाईंनी बोलायची परवानगी मागितली. मागून कोणीतरी ओरडलं, “भाऊ आहे म्हणून पुळका.”

“भाऊ आहे म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “तुझा असता तर मी घरी बसले असते.”

थोडं हसू झालं. तेवढ्यात त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

“पत्रलेखकाला अत्यंत आनंद झालाय. आपल्या संघाचं वाटोळं होतंय म्हणून केलर्सबर्गमध्ये कोणाला आनंद होईल? हे झालं पहिलं. दुसरं, तो म्हणतो की मुलं नेहमीप्रमाणे फ्री थ्रो वाया घालवत होती. वेंडेल, आपली पोरं शंभरात किती टाकतात?”

“ब्याऐंशी,” सहाशे माणसं एकदम म्हणाली.

“म्हणजे व्हर्जिलनं हे लिहिलेलं नाही. एकतीस वर्षं प्रत्येक चेंडू त्यानं उचलून आणलाय. आता तिसरं. ‘ते लोक.’ ‘त्यांचे ते शर्ट.’ ‘त्यांच्या कोचला.’ अख्ख्या पत्रात कॉलेजचं नाव नाही. तक्रार करणारा माणूस नावच कसं विसरेल?”

त्या थांबल्या. त्यांनी चौथ्या रेघेवर बोट ठेवलं.

“तो विसरला नाही. त्यानं घेतलं नाही. या गावात एकच नाव असं आहे जे कोणी घेत नाही. पत्र आपल्याविरुद्ध नव्हतंच. ते टॅमरॅक स्टेटविरुद्ध होतं.”

सहाशे माणसं एकदम श्वास आत घेतात तेव्हा जिममधली हवा खरोखर कमी होते.

“संघटनेला काय माहीत आपल्या चालीरीती? त्यांनी टॉलिव्हरच्या शाळेची वही पाहिली, त्या दिवशी जिम कोणी घेतला होता ते बघितलं. केलर्सबर्ग कॉलेजनं. झाली नोटीस तयार.”

“पण तिथं आपला संघ होता,” डॉट म्हणाली. “आपल्या पोरांना कोण ओळखणार नाही? मला त्यांच्या आज्यांची माहेरची नावं ठाऊक आहेत.”

“शर्ट जांभळे होते, डॉट.”

त्या शब्दानं एक म्हातारी रांगेतून उठली आणि पुन्हा बसली.

लोरेटाबाईंनी व्हर्जिलकडं पाहिलं. त्याचा चेहरा टॉवेलपेक्षा फिका पडला होता. हे बोलल्याशिवाय तो सुटत नव्हता, आणि बोलल्यावर सुटेल याची खात्री नव्हती. “कोचनं सांगितलं म्हणून त्यानं संघाचे पांढरे शर्ट घरी रंगवले. त्याच्या मशीनमधून अजून तो रंग जात नाही. आणि शब्द दिला म्हणून दोन दिवस तुमचं सगळं ऐकून घेतलं.”

कोच उठला. “कोणी ओळखू नये म्हणून ते केलं,” तो खाली बघत म्हणाला. “मुलाला बघायचं होतं. नियम मी मोडला.”

नियमाचं कोणी मनावर घेतलं नाही. “पण त्या रंगात?” उठून बसलेल्या म्हातारीनं विचारलं, आणि तिचा आवाज खरंच रडवेला झाला होता.

“युक्ती लागू पडली म्हणायची,” वेंडेल म्हणाला. “कोणी ओळखलं नाही.”

“एकानं फक्त मुलाला नीट पाहिलं,” लोरेटाबाई म्हणाल्या. “मुलगा दाराजवळ पाणी प्यायला आला असेल. त्याचा चेहरा कसा होता, केस कसे होते, पत्रात एक शब्द नाही. वरचा डावा सुळा मात्र आहे. त्या सकाळी टॉलिव्हरच्या शाळेत, जिमशेजारच्या वर्गात, एक निवृत्त डॉक्टर बालवाडीच्या मुलांचे दात फुकट तपासत होते.”

त्यांनी नाव घेतलं नाही. सहाशे तोंडांपैकी निम्म्यांत ज्या माणसानं कधी ना कधी बोट घातलं होतं, त्याच्याकडं ती सगळी तोंडं वळली.

डॉ. विनिंगर ठरावाचा कागद हातात धरून उभे होते.

“मला जांभळं दिसलं,” ते म्हणाले. “पुढचं काही दिसलंच नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सकाळ होती, लोरेटा. घरी जाऊन एका दमात पत्र लिहिलं.”

“आणि कळलं कधी?”

“गुरुवारी. पेपर उघडला आणि माझंच पत्र.” त्यांनी कागदाची घडी घातली. “मग मी डॉटकडं जाऊन खुर्चीवर चढलो.”

“व्हर्जिलनं लिहिलं नाही हे ठाऊक असताना.”

“ठाऊक असताना.”

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. ते व्यासपीठावरून उतरले आणि सहाशे माणसांच्या मधून दाराकडं चालत गेले. लोकांनी त्यांना वाट दिली, जरा जास्तच रुंद. दाराशी ते व्हर्जिलसमोर थांबले. व्हर्जिलनंच दार उघडून धरलं.

उपाध्यक्ष बाईंनी माइक हातात घेतला. “ठरावाला अनुमोदन?”

कोणी हात वर केला नाही.

“ठराव बारगळला.”

आता कोणीतरी व्हर्जिलला काहीतरी म्हणणं भाग होतं. लोरेटाबाई वाट बघत राहिल्या. न्हाव्यानं छताकडं पाहिलं. डॉटनं पर्स उघडली, आत काही नव्हतं, बंद केली. टपालपेटी आडवी करणारा त्या सहाशेत कुठंतरी बसलेला होता आणि तोही छताकडंच बघत असावा. मार्चच्या स्पर्धेचं काय होणार हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि एकतीस वर्षं दाराशी उभ्या असणाऱ्या माणसाची माफी कशी मागतात हेही नव्हतं.

शेवटी कोचनं घसा खाकरला.

“व्हर्जिल,” तो म्हणाला, “मंगळवारचे चेंडू जरा मऊ लागतायत. हवा बघशील का?”